तीन चाकांची कैफियत

वसंत ऋतूविषयी लहानपणापासून मनात घर करून बसलेली कल्पना इंग्लंडातल्या मार्च-एप्रिल महिन्यांत चार दिवस काढले की मुकाट्याने राजीनामा देते. आपल्या चैत्रात ऊन ठरलेले, दुपारची काहिली ठरलेली, आणि वळीव आलाच तर तोही धुळीचा लोट वर्दीदाखल पुढे पाठवून मगच येतो. येथे मात्र सकाळी आठ वाजता गवतावर हिमकण, नऊ वाजता लख्ख ऊन, साडेनऊला गारा आणि दहाला पुन्हा असे निरभ्र आकाश, की मघाशी गारा पडल्याची साक्ष द्यायला अंगावरच्या ओल्या कपड्यांखेरीज कोणी उरत नाही. अशा ऋतूत, डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा कागदावर लिहून तो कागद शांतपणे माझ्यापुढे सरकवल्यापासून, मी आठवड्यातून तीन सकाळी कॉव्हेंट्रीहून केनिलवर्थकडे जाणाऱ्या झाडीच्या रस्त्याने तीनचाकी सायकलीवर जातो आणि केनिलवर्थच्या पडक्या किल्ल्याच्या भिंती पाहून परत येतो. ही तीनचाकी लहान मुलांची नव्हे आणि सामान वाहणाऱ्यांचीही नव्हे. तिला येथे 'रिकम्बंट ट्राइक' म्हणतात, म्हणजे पाठ टेकून, जवळजवळ पहुडून चालवायची तीनचाकी.

तिच्यात बसणे हा एक छोटासा विधीच असतो. दोन चाके पुढे, गुडघ्यांच्या दोहों अंगांना. एक चाक मागे. आणि त्यांच्या मध्ये जाळीच्या कापडाचे आसन, जमिनीपासून हातभरही उंच नसलेले, ज्यात उभ्याने पाठमोरे होऊन, मागे हाताने चाचपत, विश्वासाने खाली बसावे लागते. पाय पुढे आणि किंचित वर, पायडले नजरेसमोर, हात मांड्यांच्या बाजूला दोन मुठींवर, आणि साध्या सायकलीच्या साखळीहून जवळजवळ तिप्पट लांबीची एकच साखळी आसनाखालून मागच्या चाकापर्यंत धावत गेलेली. बूट पायडलांना अडकवून घेणे ही हौस नव्हे, सक्तीची बाब आहे. कारण पाऊल निसटून जमिनीला लागले तर गाडी पुढे जाते आणि पाय तिच्याखाली ओढला जातो. पाऊस आला तर पुढची चाके पाण्याचे फवारे थेट कोपरांवर उडवतात, आणि गारा आल्या तर त्या डोक्यावर न पडता चेहऱ्यावर पडतात, कारण चेहरा आकाशाकडे असतो. परंतु आडवा वारा आला तरी ती कलंडत नाही, रस्त्यावर पातळ बर्फ असले तरी घसरून आडवी पडत नाही, आणि चढावर दम लागला तर तेथेच, मध्येच, जमिनीला पाय न लावता थांबून श्वास घेता येतो; साठी उलटलेल्या माणसाला या शेवटच्या सोयीची किंमत शब्दांत सांगता येणार नाही.

पुण्याहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने ही गाडी अंगणात उभी पाहिली तेव्हा तिचा चेहरा उतरला. "अरे, पायाला काही झालंय का तुझ्या? आणि मला एका शब्दानं कळवलं नाहीस?" असे ती म्हणाली. ताईची चूक नव्हती. आपल्याकडे तीन चाकांची, बसून चालवायची गाडी म्हटली की सरकारी समारंभात अपंगांना वाटली जाणारी, हातांनी फिरवायची सायकलच डोळ्यांपुढे येते. पण शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्यानेही पहिल्या दिवशी मला हेच, जरा आडवळणाने, विचारले होते. आणि त्याच्या गावातच बनलेली तीनचाकी एके काळी राणीच्या खासगीत रुजू झाली होती, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला ते सांगण्याच्या निमित्ताने मी जे जुने दप्तर उघडले, त्याची ही कैफियत.

ताईच्या शंकेला आधार आहे, आणि तो बराच जुना आहे. न्युरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावी स्टेफान फार्फलर नावाचा एक घड्याळजी होता. त्याचे पाय लुळे होते. 1655 च्या सुमारास, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकांची एक गाडी केली, जिच्यात बसून तो दांडा हातांनी फिरवी आणि दातेरी चक्रांच्या योगाने पुढचे चाक चाले. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली त्याच सुमाराची ही गोष्ट आहे, म्हणजे कार्ल ड्राइसच्या आद्य दुचाकीच्या सुमारे 160 वर्षे आधीची. स्वतःच्या अंगबळावर माणसाला वाहून नेणारे जे पहिले वाहन आपल्याला नीट ठाऊक आहे, ते घोडा नसलेल्याने नव्हे, तर पाय नसल्यासारख्या माणसाने केले, ही गोष्ट मला नेहमी विचार करण्यासारखी वाटते. तीनचाकीच्या कपाळावरचा पांगळेपणाचा शिक्का असा जन्मतःचाच आहे, आणि तो तिला लाजिरवाणा का वाटावा, हे मात्र मला अद्याप कळलेले नाही.

पण तीनचाकीचे खरे वैभव कॉव्हेंट्रीचे, आणि ते या शहराच्या एका मोठ्या दिवाळ्यातून उगवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथले हजारो लोक रेशमी फितींच्या विणकामावर आणि घड्याळांवर पोट भरत. 1860 साली इंग्लंड-फ्रान्स यांच्यात व्यापाराचा तह झाला, फ्रेंच रेशमावरची जकात उठली, आणि फितींच्या मागांवर अवकळा आली. विणकर देशोधडीला लागले, कित्येक समुद्रापार गेले. तहनामे करणारे मुत्सद्दी उदात्त तत्त्वांविषयी बोलत असतात आणि त्याची वसुली कोणाच्या तरी मागावरून होत असते, हे आपल्या विणकरांना सांगायला नको. या रिकाम्या झालेल्या हातांच्या शहरात जोसाया टर्नर आणि जेम्स स्टार्ली यांनी शिवणयंत्रांचा कारखाना काढला. स्टार्ली हा ससेक्समधल्या शेतकऱ्याचा घर सोडून गेलेला मुलगा. आधी बागेत माळीकाम करणारा, आणि फावल्या वेळात धन्याची घड्याळे व बिघडलेली यंत्रे दुरुस्त करता करता स्वतःच यंत्रज्ञ झालेला. 1868 साली टर्नरचा पुतण्या पॅरिसहून एक पायडलची दुचाकी घेऊन आला, फ्रान्ससाठी अशा गाड्या बनवण्याचे काम कारखान्याने पत्करले, पुढल्या वर्षी कंपनीचे नावही बदलले. आणि 1870 मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध जुंपल्यामुळे तो बाजार बंद होताच, केलेल्या गाड्या खपवण्यासाठी इंग्रजांनाच सायकलची गोडी लावण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

त्या काळची दुचाकी म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचे चाक आणि मागे बशीएवढे. तीवर चढणे तरुणांचे काम, आणि तीवरून डोक्यावर पडणे हेही तरुणांनाच परवडणारे. स्त्रिया, पाद्री, वैद्य, वकील, आणि ज्यांना पोटापुढचा घेर सांभाळायचा होता असे सगळे प्रतिष्ठित गृहस्थ यांनी काय करावे? त्यांच्यासाठी स्टार्लीने 1876 मध्ये दांड्यांनी चालणारी आणि लगोलग साखळीने चालणारी तीनचाकी काढली. एका बाजूला भले मोठे चाक, दुसऱ्या बाजूला दोन लहान चाके पुढे-मागे, आणि मध्ये खुर्चीसारखे आसन. बसणारा आजच्यासारखा पहुडलेला नसे, परंतु खोगिरावर टांग टाकून लोंबकळणाराही नसे. तो बसलेला असे, आणि मोठ्या मानाने बसलेला असे.

पुढच्या सुधारणेविषयी एक गोष्ट कॉव्हेंट्रीत सांगतात. स्टार्ली आणि त्याचा मुलगा शेजारी शेजारी बसून एका जोडगाडीत निघाले होते. मुलगा तरुण आणि जोमदार. त्याच्या बाजूचे चाक अधिक जोराने ओढे, बापाच्या बाजूचे मागे पडे, आणि असे होता होता गाडी वळून रस्त्याकडेच्या खाजकुइलीसारख्या झुडपांत जाऊन पडली. तेथे बसल्या बसल्या बापाला प्रश्नाचे उत्तर सुचले, असे म्हणतात. सुचले ते झुडपात की कारखान्यात, हे सोडून देऊ. 1877 मध्ये त्याने ते अमलात आणले हे खरे. खळ्यात तिवड्याभोवती पात फिरते तेव्हा आतला बैल जागच्या जागी पावले टाकतो आणि कडेच्या बैलाला झपझप चालावे लागते. दोघांनाही एकाच चालीने हाकले तर पात मोडते. गाडीच्या दोन चाकांचेही वळणावर तसेच होते. दोन्ही चाकांना एकाच साखळीचे बळ मिळावे आणि तरीही प्रत्येकाला आपापल्या गतीने फिरता यावे, अशी दातेरी चक्रांची व्यवस्था म्हणजे 'डिफरन्शियल'. तिची कल्पना घड्याळजींना आधीपासून माहीत होती, पण तीनचाकीत ती पक्की बसवण्याचे श्रेय स्टार्लीचे. आणि आज आपल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या मोटारीपासून मालट्रकपर्यंत जवळजवळ प्रत्येक वाहनाच्या आसात जी व्यवस्था असते, ती याच घराण्याची आहे.

1881 साली वाइट बेटावर व्हिक्टोरिया राणीची घोडागाडी जात असता एक तरुणी तीनचाकीवरून पुढे निघून गेली. राणीसाहेबांना कुतूहल वाटले, चौकशी झाली, आणि 'साल्व्हो' जातीच्या दोन गाड्यांचा हुकूम सुटला. स्टार्ली ऑस्बर्नच्या वाड्यावर स्वतः हजर झाला. तेव्हापासून त्या गाडीचे नाव 'रॉयल साल्व्हो' झाले. राणी स्वतः तीत बसून पायडल मारीत हिंडली असे कोणी सांगत नाही, पण राजघराण्यात रुजू झालेल्या वस्तूला उमरावांच्या घरी जाण्यास सनद लागत नाही. पुढल्या तीन-चार वर्षांत एकट्या कॉव्हेंट्रीत वीसएक कारखानदार शंभरावर नमुन्यांच्या तीनचाक्या बनवीत होते. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांच्यासारखे नामांकित वैद्य प्रकृतीसाठी सायकलीचा उघड पुरस्कार करू लागले. पेनेल दांपत्याने तर दोघांच्या तीनचाकीवरून फ्लॉरेन्सहून रोमपर्यंत प्रवास करून त्यावर पुस्तक लिहिले. प्रौढ माणसाने आरोग्यासाठी नेमाने गाडी चालवावी, ही कल्पना मला वाटत होती तितकी आजची नाही. ती त्या तीनचाकीच्या आसनावरच प्रथम स्थिरावली. स्टार्ली मात्र राणीच्या हुकुमाच्या त्याच वर्षी, जून महिन्यात वारला. 1884 मध्ये उभारलेले त्याचे स्मारक ग्रेफ्रायर्स ग्रीन या मैदानात आहे.

यानंतरचा ऱ्हास लवकर आटोपला, आणि तो घरच्यांनीच घडवला. 1885 मध्ये स्टार्लीच्या पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने, सारख्या चाकांची 'रोव्हर' दुचाकी बाजारात आणली, जिच्यावरून पडले तरी डोके फुटत नसे. म्हणजे तीनचाकीचा मुख्य गुण, निर्धोकपणा, तिच्यापासून काढून घेतला. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. हा टायर त्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी केला होता, आणि त्याचा फायदा मात्र दुचाकीने लुटला. शिवाय इंग्लंडातला वसंत होताच: त्या वेळच्या कच्च्या रस्त्यांवर मार्चच्या पावसाने चिखल झाला की दुचाकीस्वार कडेची वीतभर कोरडी पट्टी धरून निघून जाई, तर तीनचाकीच्या तीन वेगवेगळ्या चाकोऱ्यांपैकी एक ना एक खड्ड्यात सापडेच. शतक संपता संपता ती व्यवहारातून बहुतेक बाद झाली.

येथवरची हार बाजारातली होती, आणि बाजारातल्या हारीविषयी तक्रार करू नये. दुसरी हार निराळी आहे.

पॅरिसचा शार्ल मोशे हा लहान मोटारी बनवणारा कारागीर. मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती. आईला सायकल धोक्याची वाटे. तेव्हा बापाने पायडलांवर चालणारी चारचाकी करून दिली, ज्यात मागे टेकून बसायचे आणि पाय पुढे करून ढकलायचे. पोरगा रस्त्यावर साध्या सायकलस्वारांना मागे टाकू लागला. मोशेने मग मोठ्यांसाठी दोन आसनांची 'व्हेलोकार' काढली, आणि पुढे तीच गाडी जणू उभी चिरून दोन चाकांची पहुडती सायकल केली. त्याने 1932 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघाला पत्र लिहून आपल्या गाडीला हरकत नाही ना, अशी आगाऊ विचारणा केली होती. हरकत नाही, असे उत्तर आले. 7 जुलै 1933 रोजी फ्रान्सिस फोर नावाचा, पहिल्या प्रतीत न गणला जाणारा एक धावपटीवरचा सायकलपटू या गाडीवर बसून एका तासात 45.055 किलोमीटर गेला. ऑस्कर एगचा 44.247 किलोमीटरचा विक्रम 1914 पासून, म्हणजे महायुद्धाच्या तोंडापासून, कोणी मोडला नव्हता. तो एका दुय्यम प्रतीच्या माणसाने पहुडल्या पहुडल्या मोडला.

खळबळ उडाली ती एवढ्याचसाठी. मोठमोठे सायकलपटू जे करू शकले नाहीत ते गाडीने केले की माणसाने, हा कज्जा संघापुढे आला. दोन महिन्यांच्या आतच मोरीस रिशारने उभ्या सायकलीवर एगला मागे टाकले होते, तेव्हा तडजोड सोपी झाली: 1 एप्रिल 1934 पासून 'सायकल' या शब्दाची व्याख्याच अशी ठरवण्यात आली, की पायडलांचा आस जमिनीपासून किती उंच असावा, आसनाचे टोक त्याच्या मागे जास्तीत जास्त किती असावे, पुढच्या चाकापासून तो किती अंतरावर असावा, याची मापे त्यात सेंटिमीटरमध्ये दिली गेली, आणि त्या मापांत पहुडलेली गाडी बसेना. फोरचा विक्रम वेगळ्या वहीत काढला. मोशे त्याच वर्षी मरण पावला.

या निवाड्यात अन्याय होता असे माझे मत आहे, आणि ते तीनचाकीच्या आसनावर बसून बनलेले असल्यामुळे निःपक्षपाती आहे असा माझा दावा नाही. धावण्याच्या शर्यतीत नियम हवेत, हे कोणीही मानील. परंतु या नियमामागे शर्यतीच्या हिशेबापलीकडचा एक जुना संशय आहे: आरामात बसून केलेले श्रम ते श्रमच नव्हेत, घाम गाळायचा तर वाकून, कण्हत, मान मोडून गाळावा. हा संशय बाळगणाऱ्यांनी येवल्याच्या पैठणी विणणाऱ्याला एकदा पाहावे. तो जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसून असतो आणि पायांनीच माग चालवतो, आणि संध्याकाळी त्याच्या पोटऱ्या काय सांगतात ते त्याला विचारावे. कॉव्हेंट्रीचा फितींचा विणकरही बसूनच, पायांनी काम करीत असे. ज्या शहराने त्या बैठ्या श्रमाला शंभर वर्षे मान दिला, त्याच शहराचा एक म्हातारा आज मला पायाला काय झाले असे विचारतो, यात त्या 1934 च्या कागदाचा थोडाफार तरी हात असावा.

कारण शर्यतीतून बाद झालेली वस्तू कारखान्यांतूनही बाद होते. फोरने 1939 च्या मार्चमध्ये, गाडीला वारा कापणारे कवच चढवून, तासाला 50.537 किलोमीटरचे अंतर गाठले. पुढे युद्धात जर्मन अंमलाखालच्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा जॉर्ज मोशेच्या पायडलच्या व्हेलोकारी खपल्या. पण पेट्रोल परत आले तशा त्या विस्मृतीत गेल्या. पुढची तीसएक वर्षे या कथेत सांगण्यासारखे फारसे काही नाही.

पुनरुज्जीवन झाले ते अमेरिकेत आणि इंग्लंडात, विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या आणि हौशी कारागिरांच्या हातून. कॅलिफोर्नियात चेस्टर काइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये कोणतीही मापे न घालता मानवी बळाच्या गाड्यांची संघटना काढली; 1980 मध्ये तीन चाकांवर पहुडलेल्या दोन माणसांची 'व्हेक्टर' ताशी 100 किलोमीटरच्या पलीकडे गेली. इकडे नॉर्विचच्या माइक बरोज यांनी 'विंडचीटा' नावाची, पुढे दोन चाकांची, अतिशय देखणी तीनचाकी तयार केली. 1996 मध्ये अँडी विल्किन्सन त्या जातीच्या गाडीवरून ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकापासून ईशान्य टोकापर्यंतचे सुमारे 1,350 किलोमीटर 41 तास 4 मिनिटे 22 सेकंदांत गेला. माझी गाडी याच वंशातली, दूरची आणि मंद नातलग. तिचा वेग ताशी अठरा किलोमीटरच्या पलीकडे क्वचितच जातो, आणि वारा कापण्याचे शास्त्र त्या गतीला फारसे लागू होत नाही. मला तिचा उपयोग निराळा आहे: मनगटे, मान आणि पाठ यांची हजेरीपटावर तक्रार नसल्यामुळे सलग दोन तास पाय चालतात, आणि आज वादळी आहे, आज निसरडे आहे, आज वारा आहे, अशी घरी राहण्याची कारणे एकेक करून खारीज होतात. डॉक्टरांच्या कागदावरचा आकडा दोन वसंतांत खाली आला आहे.

गेल्या एप्रिलमधल्या एका सकाळी, ग्रेफ्रायर्स ग्रीनपाशी, गारांनी मला गाठले. थांबून, स्टार्लीच्या स्मारकाकडे तोंड करून, हातमोज्याने चेहरा झाकून मी बसून राहिलो. आसनाच्या जाळीतून पाणी खाली निथळत होते, आणि मागच्या काठीवरची केशरी पताका, जी मोटारवाल्यांच्या नजरेला मी पडावा म्हणून लावलेली असते, भिजून काठीला चिकटली होती. पाच मिनिटांत ऊन पडले. शेजारचा म्हातारा आता वाटेत भेटला तर हात वर करतो. आणि 1934 च्या व्याख्येतला तो मनाई हुकूम, मापांत वेळोवेळी फेरफार झाले तरी, संघाच्या नियमपुस्तकात आजही कायम आहे.